रिबीट गेलं, बोल्ट आला

उभ्या ट्रकच्या खाली कधी वाकून पाहिलंय का? नसेल पाहिलं, तर पुढच्या वेळी हायवेच्या धाब्यावर चहा पिताना जरूर पाहा (ड्रायव्हरला विचारून, नाहीतर तो तुम्हाला डिझेलचोर समजायचा). पुढपासून मागपर्यंत दोन लांबलचक लोखंडी पन्हाळी धावताना दिसतील आणि त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या पट्ट्या. ही ट्रकची चेसी. इंजिन, केबिन, पाटे, हौदा, वरचा १० टन माल, सगळं या शिडीवर. आणि ही शिडी जोडलेली असते गोल डोक्याच्या रिबिटांनी. वेल्डिंगने नाही, नटबोल्टने नाही. तुमच्या घरातल्या कढईचे कान ज्या पद्धतीने बसवलेले असतात, त्याच पद्धतीने.

आता तुम्ही म्हणाल, या शनिवारी हे काय मधेच? तर त्याचं असं झालं की गावाकडे एका नातेवाइकांच्या ट्रकच्या चेसीचं काम निघालं. मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटची चार रिबिटं ढिली झालेली. मिस्त्री म्हणाले, "बोल्ट टाकू." प्रश्न आला, कुठले? तालुक्याच्या दुकानात बोल्ट किलोवर मिळतात. मी कोड लिहिणारा माणूस, मला गाडीतलं काय कळणार, पण 'कुठले?' हा प्रश्न डोक्यातून जाईना. वाचायला लागलो तर शंभर वर्षांचा इतिहास हाताला लागला. तोच इथे मांडतोय.

गाव म्हणजे कर्जत. मुंबईची लोकल जाते ते नव्हे मंडळी :) हे आमचं नगर जिल्ह्यातलं (२०२४ पासून अहिल्यानगर), भीमा आणि सीना यांच्या मधलं, ज्वारीचं आणि दुष्काळाचं. पण कॅनॉल आले, भीमेकाठी उजनीचा फुगवटा आला आणि तालुक्याच्या बऱ्याच भागात ऊस उभा राहिला. अंबिजळगावला साखर कारखाना आहे. गाळपाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रक, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, बैलांच्या टायरगाड्या यांची रांग लागते. ट्रकला सगळ्यात वाईट दिवस कुठला, तर डांबरी सडकेवरचा नाही, रानातला. काळ्या मातीत पाटाच्या पाण्याने झालेला खड्डा, त्यात मागचं एक चाक उतरलेलं, तिरपं पुढचं चाक बांधावर, आणि वर मोळ्या. त्या क्षणी चेसी पिळवटते, आपण ओला टॉवेल पिळतो तशी.

आणि इथेच पहिली गंमत. ट्रकची चेसी पिळली जावी अशीच बनवलेली असते. उघड्या तोंडाची ती पन्हाळी वाकायला कडक, पण पिळायला मऊ. चाकं चारही जमिनीला टेकून राहायची तर शिडीने थोडं अंग द्यायलाच हवं. मग सांधा असा पाहिजे की तो अंग देईल पण सरकणार नाही. वेल्डिंगचा सांधा अंग देत नाही. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचा गुण बदलतो आणि नेमकी तिथूनच, टाक्याच्या कडेने, तड जायला लागते. रिबीट मात्र थंड अवस्थेतच हायड्रॉलिक दाबाने चेपलं जातं. चेपताना त्याचा दांडा फुगतो आणि भोक काठोकाठ भरून टाकतो. भोक आणि दांडा यांत फट शून्य. हा 'फट शून्य' मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्याच्यावरच फिरणार आहे.

सुरुवातीच्या मोटारींचे सांगाडे बरेचसे लाकडाचे, बाजूने लोखंडी पट्ट्या मारलेले असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पत्रा दाबून पन्हाळी बनवायची कला आली. अमेरिकेत मिलवॉकीला ए. ओ. स्मिथ नावाची सायकलचे भाग बनवणारी कंपनी होती. १९०६ साली हेन्री फोर्डने त्यांच्याकडे १०,००० सांगाड्यांची ऑर्डर टाकली, चार महिन्यांत द्या म्हणून. त्या काळात हे वेडेपणाचं होतं, पण त्यांनी ते निभावलं. पुढे १९२१ मध्ये त्यांनी असा कारखाना उभा केला, की एका टोकाने पट्टी आत जाते आणि दुसऱ्या टोकाने रिबिटं मारून तयार सांगाडा बाहेर येतो, दिवसाला १०,०००. हिशोब करा, साधारण साडेआठ सेकंदाला एक! ऑटोमेशन हा शब्द रूढ व्हायच्या आधीची ही गोष्ट. आपण 'पाइपलाइन' 'पाइपलाइन' म्हणून मिरवतो ती त्यांनी शंभर वर्षांपूर्वी खऱ्या लोखंडात बांधली होती. रिबीट जिंकलं त्यामागे हेही एक कारण आहे. मशीनला नट फिरवण्यापेक्षा दाबणं सोपं.

आपल्याकडे हे तंत्र आलं त्यात दोन मराठी मुलखाशी जोडलेली नावं आहेत. पहिले वालचंद हिराचंद, जन्म सोलापूरचा, १८८२. आमच्या कर्जतहून भीमा ओलांडली की पलीकडे इंदापूर तालुक्यात त्यांचं वालचंदनगर. विमान, जहाज, मोटार तिन्ही या देशात बनली पाहिजेत या ध्यासाने पछाडलेला माणूस. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, फार्गोच्या गाड्या बाहेर पडायला लागल्या. दुसरे सुमंत मुळगावकर. टेल्को १९४५ साली जमशेदपूरला रेल्वे इंजिनं बनवायला निघालेली कंपनी, आणि वाफेचं इंजिन म्हणजे बॉयलर, बॉयलर म्हणजे रिबीट. १९५४ मध्ये डायम्लर-बेंझशी करार होऊन तिथे ट्रक सुरू झाले. ते सहकार्य १५ वर्षं चाललं, १९६९ ला संपलं. जुने लोक अजूनही ट्रकला 'मर्सडीज' म्हणतात ते उगाच नाही, तेव्हा जाळीवर ती तीन टोकांची चांदणी असायची. मुळगावकरांनी मग पुण्यात पिंपरीला कारखाना उभा केला. १९८६ साली ४०७ तिथूनच निघाली. असो, त्यांच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

पण एक प्रश्न राहतोच. रिबीट एवढं चांगलं, तर मग पुलांवरून, इमारतींवरून ते गायब का झालं?

त्याचं एक उत्तर आमच्या नगरमध्येच उभं आहे. नगरला लष्कराच्या आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे आणि १९९४ पासून तिथे रणगाड्यांचं संग्रहालय आहे. शाळेच्या सहली जातात तिथे. पोरं तोफेच्या नळीकडे बघतात. तुम्ही गेलात तर दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश व्हॅलेंटाइनच्या अंगाकडे बघा. रिबिटंच रिबिटं. तेव्हा जाड चिलखती पत्रा वेल्ड करायचं तंत्र पुरतं हातात नव्हतं, म्हणून पत्रा रिबिटांनी ठोकलेला. अमेरिकन एम-३ रणगाड्याचंही तसंच. हेच एम-३ एप्रिल १९४४ मध्ये इंफाळजवळच्या नुंगशिगमच्या डोंगरावर चढले आणि जपान्यांना त्यांनी हुसकलं. पण त्यांच्यात एक भयानक खोट होती. बाहेरून गोळा आदळला, चिलखत फुटलं नाही तरी धक्क्याने रिबिटाचं डोकं तुटून आतल्या बाजूला बंदुकीच्या गोळीसारखं सुटायचं. आतल्या माणसांना आपल्याच रणगाड्याचं रिबीट लागायचं. एम-३ च्या नंतरच्या काही आवृत्त्या त्यामुळे वेल्डिंगच्या निघाल्या, आणि पुढे रणगाड्यांतून रिबीट हद्दपारच झालं.

पुलांवरचं कारण जास्त साधं होतं, माणसं. साइटवर रिबीट मारायला चौघांची टोळी लागे. एक भट्टीवर रिबीट लाल करणार, चिमट्याने फेकणार. दुसरा ते डब्यात झेलणार (हो, वर, हवेत). तिसरा मागून टेकू देणार, चौथा हातोडा चालवणार. गरम रिबीट थार झाल्यावर आकसतं आणि पत्रे आवळून धरतं, पण किती आवळतं हे कुणीच सांगू शकत नाही. १९४३ साली सुरू झालेला कोलकात्याचा हावडा पूल असाच, नटबोल्टशिवाय, नुसत्या रिबिटांवर उभा आहे.

मग १९३४ मध्ये इंग्लंडमधल्या बाथो आणि बेटमन या दोघांनी एक गोष्ट दाखवली. बोल्ट पुरेशा ताकदीच्या पोलादाचा असेल आणि पुरेसा आवळला, तर पत्रे एकमेकांवर सरकतच नाहीत. म्हणजे भार बोल्टच्या दांड्यावर येतच नाही, तो पत्र्यांमधल्या घर्षणावर जातो! १९३८ मध्ये अमेरिकेत इलिनॉयला विल्सन आणि थॉमस यांनी पुढची परीक्षा घेतली. लाखो वेळा ओढाताण केली, आणि नीट आवळलेला बोल्ट चांगल्या रिबिटाइतकाच टिकला. महायुद्धानंतर अमेरिकन रेल्वेवाल्यांनी आपल्या पुलांवरची सारखी ढिली होणारी रिबिटं काढून बोल्ट घालून पाहिले, ते ढिले होईनात. १९४७ ला त्यासाठी एक परिषद स्थापन झाली आणि १९५१ च्या पहिल्या नियमावलीत एका रिबिटाच्या जागी त्याच मापाचा एक बोल्ट चालेल असं लिहिलं गेलं. दोन माणसं, एक पाना, भट्टी नाही. पुढच्या काही वर्षांत रिबीटवाल्या टोळ्यांचं कामच संपलं.

तर मग काय, रिबीट काढा बोल्ट घाला, विषय संपला?

नाही ना. पूल एका जागी उभा असतो. ट्रक उसाच्या रानात जातो. चेसीच्या सांध्यावर भार एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने येतो, दिवसातून हजारो वेळा. दुकानातला नेहमीचा बोल्ट भोकात सहज जावा म्हणून भोक एक-दोन मिलिमीटर मोठं पाडलेलं असतं. त्या फटीत सांधा इकडून तिकडे हलला की संपलं. गेऱ्हार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९ साली हे प्रयोगाने दाखवलं. बोल्टला उभा ताण कितीही दिला तरी तो सहसा सुटत नाही, पण आडवं हलवलं की नट आपोआप उलटा फिरायला लागतो. त्याने बनवलेल्या यंत्रावर आजही बोल्टची परीक्षा होते. आणि त्या यंत्रावर आपल्या सगळ्यांचा लाडका स्प्रिंग वायसर साफ नापास होतो. काही उपयोग नाही त्याचा अशा ठिकाणी. नट पुरता आवळला की तो चेपून सपाट वायसर होतो, बस.

आता बोल्ट निवडू. बोल्टच्या डोक्यावर आकडे कोरलेले असतात, ८.८, १०.९, १२.९. हे व्हर्जन नंबर नव्हेत :) पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे तुटायची ताकद, दर चौरस मिलिमीटरला इतके न्यूटन. दुसरा म्हणजे त्याच्या किती टक्क्यांवर बोल्ट कायमचा ताणला जातो. ८.८ म्हणजे ८०० ला तुटतो, ६४० ला ताणतो. डोक्यावर काहीच नसेल तर तो गेटला, पत्र्याच्या शेडला वापरा. किलोवर मिळतात ते बरेचसे हेच.

१२ मिलिमीटरचं मऊ पोलादाचं रिबीट साधारण पावणेतीन टनाला कापलं जातं. त्या भोकाला रिमर मारून १४ चा ८.८ बोल्ट घातला तर तो कापायला साडेसात टन लागतात. म्हणजे ताकदीचा प्रश्न पहिल्याच फेरीत निकालात निघतो. मला हे बघून आश्चर्य वाटलं, कारण गॅरेजमधली सगळी चर्चा 'किती हेवी बोल्ट टाकू' यावरच चाललेली असते. खरा प्रश्न आवळण्याचा आहे. हाच बोल्ट १४० न्यूटन-मीटरने आवळला की पत्र्यांना सुमारे पाच टनांनी दाबून धरतो, आणि त्या दाबातून घर्षण मिळतं ते फक्त टनभर. १०.९ घेतला, २०० ने आवळला, तर दाब सव्वासात टन. म्हणून माझं मत १०.९, आणि डोक्याखाली व नटाखाली जाड, कडक केलेला वायसर, नाहीतर एवढ्या दाबाने पत्राच चेपतो. १२.९ च्या मोहात पडू नये. तो जितका कडक तितका चिवटपणाने कमी, आणि त्यावर जस्ताचा मुलामा चढवला तर मुलाम्याच्या वेळी शिरलेल्या हायड्रोजनमुळे काही दिवसांनी उभ्या उभ्या तुटू शकतो. स्टेनलेस चमकतो छान, पण नेहमीचा स्टेनलेस ८.८ पेक्षाही कमी ताकदीचा. तो देवळाच्या रेलिंगला ठीक.

यातली सगळ्यात भन्नाट गोष्ट मात्र वेगळीच आहे. सात मिलिमीटरची पन्हाळ, सहाचा ब्रॅकेट, वायसर धरून जेमतेम वीस मिलिमीटर जाडी. एवढासा बोल्ट पुरता आवळल्यावर किती ताणला जातो? ०.०४ मिलिमीटर. आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी! तो पाच टनांचा दाब या केसभर ताणात साठवलेला असतो. आता पत्र्यांच्या मध्ये ऑइलपेंटचा थर राहिला असेल, किंवा गंजाची खपली, तर महिनाभरात ती चुरगळून तेवढी जागा मोकळी होते आणि दाब शून्य. बोल्ट तुटलेला नाही, नट फिरलेला नाही, तरी सांधा ढिला. मिस्त्री म्हणतात, "बोल्ट लूज निघाला, क्वालिटी नाही राहिली आता." क्वालिटी नाही हो, रंग.

म्हणून पत्रे घासून पांढरे करायचे. जुनं रिबीट गॅसने जाळून काढायचं नाही, भोकाच्या कडा जळतात. डोकं ग्राइंडरने उडवून मधोमध ड्रिल मारायचं आणि पंचने ठोकून पाडायचं. भोक एव्हाना अंड्यासारखं झालेलं असतं, त्याला रिमर मारून गोल करायचं. १४ चा म्हणून आणलेला बोल्ट मोजला तर दांड्याला १३.८-१३.९ भरतो, तेव्हा आधी बोल्ट मोजायचा आणि मग भोक त्याच्या मापाचं करायचं, हलक्या हातोडीने ठोकून आत जाईल इतकं. तीच ती 'फट शून्य', रिबिटाने फुकट दिलेली आणि आता आपल्याला घाम गाळून मिळवायची.

अजून एक खाच आहे. दोन पत्रे जिथे एकमेकांना टेकतात, नेमक्या त्या रेषेवर बोल्टचे आटे येता कामा नयेत, तिथे अख्खा दांडा हवा. आट्यांच्या खाचेतच तड सुरू होते. पण १४ च्या आखूड बोल्टला ३४ मिलिमीटर आटे असतात. ४० लांबीचा आणला तर दांडा उरतो फक्त ६, आणि पन्हाळच सातची! म्हणजे आटे बरोबर नको तिथे. त्यापेक्षा ५० चा आणायचा, १६ दांडा मिळतो, नटाखाली दोन जाड वायसर घालून जागा भरायची, आणि नटाच्या पुढे उरलेलं टोक कापून टाकायचं. दुकानदार हसतो. हसू दे.

आवळल्यावर नटावर वेल्डिंगची टिकली मारायची आपल्याकडे फार आवड. १०.९ बोल्टची ताकद त्याला लाल करून, विझवून, पुन्हा हलकं तापवून आणलेली असते. टिकली मारली की तिथली ती सगळी मेहनत वाया. चाकरीला पूर्ण लोखंडी लॉकनट आहेत, ते वापरावेत. परदेशात ट्रेलरवाले आणि रेल्वेच्या वाघिणी बनवणारे यावर एक मधला मार्ग वापरतात, लॉकबोल्ट. दिसायला बोल्ट, पण नटाऐवजी कॉलर यंत्राने खाचांत चेपून बसवतात, म्हणजे बोल्टचा आवळा आणि रिबिटाची न सुटण्याची खात्री. मस्त आहे, पण त्याचं यंत्र तालुक्याच्या गॅरेजला मिळणं कठीण.

आणि एवढं करून वरचा माल? २०१८ मध्ये सरकारने दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा १६.२ वरून १८.५ टनांवर नेली. रस्त्यावर आधीच असलेल्या जुन्या ट्रकांच्या चेसी काही त्या दिवशी रातोरात जाड झाल्या नाहीत. उसाच्या खेपेला पैसे टनावर मिळतात. ट्रकमालक हप्ते भरतोय, तोडणीवाल्यांना उचल दिलीय, कारखान्याची पाळी रात्री दोनला लागलीय. त्याला कुणी घर्षण आणि केसभर ताण समजावून सांगितला तर तो ऐकून घेईल, चहा पाजेल आणि अजून दहा मोळ्या टाकेल. पण ब्रॅकेट सुटलं की आस तिरका होतो, आणि उसाचा ट्रक रात्री ज्या बाजूला कलंडतो त्या बाजूला बहुतेक वेळा कुणाची तरी बैलगाडी चाललेली असते, मागे रिफ्लेक्टर नसलेली.

आमच्या मिस्त्रींनी यातलं बरंचसं ऐकलं. ५० लांबीच्या बोल्टला हसले, पण आणले. स्प्रिंग वायसर मात्र त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी एक वेगळा ठेवून दिला डॅशबोर्डवर, "असू दे, सापडला तर बरा." टॉर्कचा पाना नगरहून मागवावा लागला. शेवटी प्रत्येक नटापासून वायसरवरून चेसीपर्यंत पिवळ्या ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. ५०० किलोमीटरनंतर पाना लावून बघायचा, आणि नंतर दर महिन्याला खाली वाकून बॅटरीच्या उजेडात चार रेघा मोजायच्या.

हंगाम मार्चपर्यंत आहे. परवा फोन केला होता, चारही सरळ आहेत.